यारा नदीचे खरे नाव

मेलबर्न शहर पाहावे ते ट्राममधून. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. माझ्या पिढीने ती वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेली. इथे मात्र ती घंटा वाजवीत सुमारे अडीचशे किलोमीटर रुळांवरून धावते. एवढे मोठे ट्रामचे जाळे जगात दुसरे नाही. शिवाय शहराच्या मध्यभागात तिला तिकीटच नाही! फुकट प्रवासाचा आनंद मध्यमवर्गीयांना केवढा असतो, हे वाचकांना सांगायला नकोच. आम्ही दोघे दोन दिवस नुसते चढत-उतरत होतो.

रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरने १८३७ साली ही आखणी केली. मोठे रस्ते तेव्हापासून ९९ फूट रुंद. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या दारावर घड्याळांची रांग आहे. आपण 'इंडिकेटरखाली भेटू' म्हणतो, तसे इथले लोक 'घड्याळांखाली भेटू' म्हणतात. सरकारी ग्रंथालय १८५६ चे. त्याच्या १९१३ सालच्या घुमटाखाली शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे वाचत बसलेले पाहून माझ्यातली मास्तरीण सुखावली.

आमच्या ह्यांचे तीर्थक्षेत्र अर्थातच क्रिकेटचे मैदान. पहिला कसोटी सामना १८७७ साली इथेच झाला. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेने इथे शतक ठोकून सामना जिंकून दिला आणि त्याला मुल्लाघ पदक मिळाले. हा जॉनी मुल्लाघ म्हणजे १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी संघातला नामांकित खेळाडू. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला पहिला क्रिकेट संघ गोऱ्यांचा नव्हता, हे मला तिथेच कळले.

मैदानापासून यारा नदी जवळच. मी भाषेची शिक्षिका. नावाचा अर्थ विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. जॉन बॅटमन १८३५ साली इथे आला आणि ब्लँकेटे, चाकू, कुऱ्हाडी, आरसे, पीठ देऊन वुरुंजेरी लोकांकडून सहा लाख एकर जमीन घेतल्याचा करार त्याने केला. गव्हर्नराने तो रद्द केला; पण जमीन मूळ मालकांना परत करण्यासाठी नव्हे, तर ती ब्रिटिश राजाची आहे म्हणून! त्याच वर्षी वेज नावाच्या सर्व्हेअरने नदीकडे पाहत नाव विचारले. सोबतचे आदिवासी 'यारा यारा' म्हणाले. त्याने तेच नदीचे नाव म्हणून टिपले. ते शब्द खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्याला उद्देशून होते, हे त्याला मागाहून समजले. तोवर नाव नकाशावर चढले होते. नदीचे जुने नाव बिरारुंग. आज काठावरच्या एका बागेला 'बिरारुंग मार' म्हणतात, एवढीच त्याची भरपाई.

गोरे आले तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. त्यांतल्या जेमतेम डझनभर भाषा आज मुले आईच्या तोंडून शिकतात. हा आकडा वाचला आणि माझ्या भाचीच्या घरातले मराठी निराळ्याच कानांनी ऐकू येऊ लागले. भाचीची सात वर्षांची मुलगी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत जाते. "मावशीआजी, माझी भूक आली," असे म्हणते. भाची हसते, पण दुरुस्त करते. रोज, न कंटाळता. भाषा अशीच टिकते, जेवणाच्या ताटाशी.

त्या पोरीने मला 'वोमिन्जेका' हा शब्द शिकवला. वुरुंजेरींच्या भाषेत 'या, स्वागत आहे.' तिच्या शाळेत तो म्हणतात. माझा उच्चार तिने तीनदा सुधारला. मग विचारले, "तुमच्या पुण्याच्या नदीचे नाव काय?"

"मुळा-मुठा."

"कोणी ठेवले?"

"तिच्या काठी राहणाऱ्यांनी."

"आणि ते लोक अजून आहेत?"

"आहेत की," मी म्हटले, "त्यांतलीच एक तू."