घरातली यंत्रं : व्हॅक्यूम क्लीनरची मोटार, कार्बनची आणि बिनकार्बनची

बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या बाजारात मोटार भरून देणाऱ्याकडे दोन जातींच्या मोटारी येतात. बोअरमधून उपसून आणलेल्या लांबुळक्या सबमर्सिबल, आणि घरातल्या मिक्सर-ड्रिलच्या. त्यांच्यातच कधीमधी एखादा व्हॅक्यूम क्लीनर. पहिल्या जातीत कार्बन, म्हणजे ब्रश, नसतो, दुसरीत असतो. म्हणजे ‘ब्रशलेस’ म्हणून आज जिचा गाजावाजा चालतो तशी बिनब्रशची मोटार उसाच्या फडाला कधीपासून पाणी देते आहे. छताच्या जुन्या पंख्यातही ब्रश नसतात. त्या इंडक्शन मोटारी.

मग व्हॅक्यूम क्लीनरमध्ये तीच का बसवली नाही? कारण वेग. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर थेट चालणारी इंडक्शन मोटार मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही. वीतभर पंख्याने धूळ ओढायची तर वीस-तीस हजार फेरे लागतात. ते देते युनिव्हर्सल मोटार, मागच्या भागात मिक्सरमध्ये पाहिली तीच. तिच्या फिरत्या आर्मेचरला वीज पोचवायची तर वायर जोडून चालत नाही, पीळ पडून तुटेल. म्हणून दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे दोन तुकडे. घासत घासत ते वीज पोचवतात आणि घासत घासत संपतात. मशीनच्या मागच्या जाळीतून दिसणारी निळसर ठिणगी आणि तो करपट वास, दोन्ही तिथलेच.

ही मोटार ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मशीन चालू असताना नळीच्या तोंडावर क्षणभर तळहात ठेवा. आवाज एकदम चढतो. घरोघरी समज असा की मोटारीवर ताण आला. खरं उलट आहे : हवा ओढायचं कामच उरत नाही, भार उतरतो, म्हणून मोटार मोकाट सुटते आणि करंटही कमी घेते. तरीही हात फार वेळ ठेवू नये. बहुतेक घरगुती मशिनींत ओढलेली हवाच मोटारीला गार ठेवते. ती थांबली की गुंडाळी तापते. गच्च भरलेली पिशवी किंवा चोंदलेला फिल्टर नेमकं हेच करतो, फक्त हळूहळू.

आज ‘ब्रशलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनकार्बनच्या मोटारीत मांडणी उलटी आहे. चुंबक फिरतो, गुंडाळी जागची हलत नाही. त्यामुळे घासायला काही नाही. कम्युटेटरचं काम एक इलेक्ट्रॉनिक पाटी करते : चुंबक कुठे आहे ते हेरून त्या त्या गुंडाळीत करंट पाठवते. विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ही कल्पना १९६२ मध्ये मांडली, पण ती घरात यायला दोन गोष्टी स्वस्त व्हाव्या लागल्या : ऐंशीच्या दशकात आलेला निओडिमियमचा जोरकस चुंबक आणि पाटीवरचे ट्रान्झिस्टर. डायसनने २००९ च्या सुमाराला मिनिटाला १,०४,००० फेरे घेणारी मोटार हातातल्या मशीनमध्ये बसवली. २०१८ च्या व्ही १० मध्ये ती १,२५,००० वर गेली. त्याच वर्षी जेम्स डायसन यांनी वायरीच्या मशिनींवर यापुढे संशोधन नाही असं सांगून टाकलं.

या वाक्यातच सगळी गोम आहे. व्हॅक्यूम क्लीनरमधली बिनकार्बनची मोटार मुख्यतः बॅटरीसाठी आहे. बॅटरीत मोजकीच वीज, तिच्यातली ठिणगीत आणि घासण्यात वाया घालवणं परवडत नाही, शिवाय मोटार हलकी हवी. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या मशीनला ही अडचण नाही.

हिशेब करून बघा. १४०० वॉटचं मशीन आठवड्याला अर्धा तास चालवलं तर महिन्याला जेमतेम तीन युनिट. ती अर्धी वाचली तरी दीड युनिट. आणि छताचा पंखा? जुना ७५ वॉट घेतो, बिनकार्बनच्या मोटारीचा (बीएलडीसी) तीसच्या आसपास. दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला १६ युनिटांचा फरक. बिनकार्बनच्या मोटारीला पैसे घालायचेच तर ते छताला घाला. (२०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे आपल्याकडे अनेकांचं बिल शून्य येतं, त्यामुळे हा हिशेब कुणी मनावर घेत नाही, ती गोष्ट वेगळी.)

राहिला टिकाऊपणाचा मुद्दा. युरोपात २०१७ पासून नियम आहे की व्हॅक्यूम क्लीनरची मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे. रोज कार्पेट झाडणाऱ्या घरात ५०० तास लवकर भरतात. आपल्याकडे रोजचं काम केरसुणीचं. मशीन निघतं रविवारी, नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत. आठवड्याला अर्ध्या तासाने ५०० तास पुरे व्हायला १९ वर्षं लागतील. तोवर मोटार कार्बनने नाही, धुळीने मरते. बिदरच्या पठारावरची जांभ्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर फाटका असला किंवा ओलाच बसवला की ती थेट बेअरिंगपर्यंत जाते. बेअरिंग दोन्ही मोटारींत असतं, आणि कुरकुर ऐकू येऊ लागली की दोन्हींत सारखंच बदलावं लागतं.

कार्बन गेले तर काम सोपं असतं : त्याच मापाची जोडी आणायची, कम्युटेटर काळा पडला असेल तर हलक्या हाताने साफ करायचा, स्प्रिंगा दाबतात का ते पाहायचं. पाटी जळाली तर गावात सहसा कुणी हात लावत नाही. लाइन कमीजास्त होते तिथे हा धोका मी हलका मानत नाही. म्हणून वायरीचं मशीन घेणार असाल तर माझं मत सरळ कार्बनवालीला.

बिनवायरीचं घेणार असाल तर मात्र बिनकार्बनचीच मोटार मागा, आणि दुकानदाराला एवढं विचारा की बॅटरी वेगळी निघते का आणि नुसती बॅटरी विकत मिळते का. काही शे वेळा चार्ज झाली की लिथियम बॅटरी उतरू लागते, मोटार ठणठणीत असली तरी. पुढच्या भागात हीच बॅटरी उघडून पाहू.