उंदराच्या चित्रात अस्थी उजळतात तेव्हा

मध्यंतरी एका औषधाच्या माहितीपत्रकात उंदराच्या शरीराचे रंगीत चित्र आमच्या पाहण्यात आले. पाठीचा कणा व सांधे तांबड्या रंगात उजळलेले आणि खाली 'अस्थिगामित्व सिद्ध' असा मजकूर. ते चित्र पेट-सीटी तपासणीचे होते. असे कागद वैद्यांच्या व औषधनिर्मात्यांच्या हाती येऊ लागले असल्याने ही तपासणी नेमके काय दाखविते, याचा येथे विचार करीत आहोत.

या तपासणीत पॉझिट्रॉन सोडणारा किरणोत्सारी अणू एखाद्या द्रव्याला जोडून ते द्रव्य बहुधा उंदराच्या शेपटीच्या शिरेतून देतात. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येताच दोन्ही नष्ट होऊन दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. भोवतालच्या कड्यातील शोधक ही जोडी एकाच क्षणी टिपतात. अशा असंख्य जोड्यांवरून संगणक अणूंचे स्थान ठरवितो. सीटी त्याखाली शरीररचनेचा नकाशा पुरविते. माणसासाठीचे यंत्र साधारण ४ ते ५ मि.मी. इतकाच सूक्ष्म भेद दाखविते. २५ ग्रॅम वजनाच्या उंदरास ते अपुरे पडते, म्हणून १ ते २ मि.मी.पर्यंत भेद दाखविणारी लहान यंत्रे १९९० च्या दशकात विकसित झाली.

यातील कळीची गोष्ट अशी, की यंत्रास औषध दिसत नाही. दिसतो तो केवळ अणू. तो औषधाला चिकटून आहे, औषधाच्या चयापचयातून झालेल्या दुसऱ्या द्रव्यात आहे, की सुटून मोकळा फिरतो आहे, हे चित्र सांगत नाही. फ्लोरिन-१८ हा अणू द्रव्यापासून सुटला, तर फ्लोराइडच्या रूपाने हाडांतील खनिजात जाऊन बसतो. म्हणजे ज्या उजळलेल्या अस्थींकडे बोट दाखवून अस्थिगामित्व सांगितले जाते, त्या पुष्कळदा जोड तुटल्याची खूण असतात! मोकळे फ्लोराइड दिलेल्या उंदरांचे चित्र शेजारी ठेवल्याविना आणि रक्तातील द्रव्याचे पृथक्करण केल्याविना असा दावा मान्य करता येत नाही.

काळाचीही मर्यादा आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. काही तासांत मावळणाऱ्या अणूवरून महिनोन्‌महिने द्यावयाच्या रसायनाचा प्रवास कसा कळणार? शिवाय शिरेतून दिलेले शुद्ध द्रव्य म्हणजे अनुपानासह पोटात घेतलेले चूर्ण नव्हे. हळदीतील कर्क्युमिन तोंडाने दिल्यास फारच थोडे शोषले जाते व त्याचे झपाट्याने रूपांतर होते, हे येथे ध्यानी घ्यावे.

अर्बुदावरील परिणाम दाखविण्यासाठी एफडीजी हे शर्करासदृश द्रव्य वापरतात. पेशी ते ग्लुकोजप्रमाणे आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. म्हणून ते तेथेच साठते. मात्र उंदीर गारठलेला असेल, तर त्याची तपकिरी चरबीच उजळते. तो उपाशी होता की नाही आणि भूल कोणती दिली, यांवरही आकडे पालटतात. मूत्रपिंडे व मूत्राशय उत्सर्जनामुळे उजळतात. त्यात औषधाचा गुण शोधू नये.

आम्ही त्या माहितीपत्रकाच्या प्रतिनिधीस तीन प्रश्न लेखी विचारले होते: कोणता अणू जोडला, इंजेक्शननंतर किती वेळाने चित्र घेतले, आणि मोकळ्या फ्लोराइडचा तुलनागट होता काय? उत्तरादाखल त्याच चित्राची मोठी, गुळगुळीत कागदावरील प्रत आली.