काळी चार ते पांढरी एक : रायगडच्या किनाऱ्यावरचा विद्यार्थ्यांचा रंगमंच

अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावी विनायक पांडुरंग करमरकर नावाच्या मुलाने देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले. साहेबाने चौकशी केली आणि मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जाण्याची सोय केली. पुढे या मुलाचे शिल्पकार करमरकर झाले. सासवण्याच्या घरात त्यांची शिल्पे आज पाहायला मिळतात आणि मांडव्याला बोटीने उतरणारा जाणकार तिथे वाट वाकडी करून जातोच.

ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना दरवेळी धास्ती वाटते. कलेक्टर दुसऱ्या गावाला गेला असता तर? चित्र निदान भिंतीवर राहते, कोणीतरी येऊन पाहीपर्यंत ते थांबू शकते. गाणाऱ्या मुलाचे तसे नाही. थेरोंड्यात किंवा बोर्लीत एखाद्या मुलीने ओटीवर बसून सुंदर आवाज लावला, तर त्या क्षणी तिथे कान असलेले माणूस हवे. ते नसेल तर सूर लागला आणि गेला. अशी माणसे योगायोगाने मिळण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून संगीताचे वर्ग आणि कलाविद्यालये असतात. वर्षातून एकदा होणारा विद्यार्थ्यांचा गायन-वादन-नाट्याचा कार्यक्रम ही त्या कामातली सर्वांत महत्त्वाची रात्र. तिच्याकडे आपण 'गॅदरिंग' म्हणून पाहतो आणि तिची किंमत कमी करतो.

या किनाऱ्यावरचे मूल वर्गात येते ते कोऱ्या कानाने येत नाही. आगरी घरातल्या लग्नात धवलारीण धवले गाते. ती नुसती गाणारी नव्हे, लग्नविधीच चालवते, आणि कोणता विधी कोणत्या गाण्यावर हे तिला तोंडपाठ असते. दक्षिणेकडे, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला, गौरी-गणपतीत बाल्या नाच होतो. मध्ये मृदंग आणि झांज, भोवती घुंगरू बांधलेल्या पायांचे रिंगण. गावोगाव हरिनाम सप्ताह असतात, आणि त्यांतल्या भजनात पेटीवर बोट ठेवणारा बुवा रागाचे नाव न सांगताही मुलांच्या कानात राग घालून ठेवतो. बाल्या नाचात पाय टाकलेल्या मुलाला सम समजावून सांगावी लागत नाही, त्याच्या टाचेला ती माहीत असते. चांगला शिक्षक हे ओळखतो आणि तिथूनच सुरुवात करतो.

वर्गातली पुढची चाकोरी महाराष्ट्रभर एकच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या पैशावर, कोणाच्याही मुलाला शिकता येईल अशी शाळा हा त्यांचा आग्रह होता. त्याच परंपरेतून १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्याच्या परीक्षांची शिडी आज अलिबाग, पेण, उरणच्या मुलांना पाठ असते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, या परीक्षा होतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गांतली गर्दीही वाढली. गुणांसाठी आलेली मुले गुण मिळाल्यावर जातात, ही शिक्षकांची नेहमीची खंत. पण आलेल्यांतली दोन-चार टिकतात. ती कशामुळे टिकतात हा माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर परीक्षेच्या खोलीत सापडत नाही. परीक्षेत मुलासमोर एक परीक्षक असतो. रंगमंचावर त्याच्यासमोर गाव असते.

बहुतेक वर्गांचा कार्यक्रम गुरुपौर्णिमेला होतो, म्हणजे आषाढात, आणि आषाढ या किनाऱ्यावर काय असतो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या भागात ऐन पावसाळ्यात तबला लावणे ही परीक्षाच. पुडी कातड्याची. हवेतला दमटपणा ती शोषून घेते, ताण सैल पडतो आणि सूर खाली घसरतो. वादक हातोडीने गठ्ठे ठोकून वर आणतो, दहा मिनिटांत तो पुन्हा उतरतो. म्हणून कार्यक्रमाआधी तबले दिव्याच्या उबेला ठेवलेले दिसतात. पेटीचे दुखणे वेगळे. आतल्या पितळी पट्ट्यांवर खारी हवा हळूहळू काम करते, एखादी स्वरपट्टी कणसुरी होते, एखादी बोलतच नाही, आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर शोधायला मुंबई-पुण्याकडे पाहावे लागते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे वाद्ये गाडीत घालून थेट पलीकडे नेता येतात, ही मोठीच सोय झाली. त्याआधी पावसाळ्यात लाँचा बंद झाल्या की वडखळच्या रस्त्याने पेटी हादरत जायची.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे पाहू. वर्गात साठ मुले असतील तर साठांच्या पालकांना आपले मूल मंचावर दिसायला हवे. मग प्रत्येकाला चार मिनिटे, मधूनमधून समूहगीते, शेवटी शिक्षकांचे गाणे, त्याआधी पाहुण्यांची भाषणे. साथीदारांना याचा ताण किती येतो हे प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. एक मुलगी काळी चारमध्ये गाते, तिच्यामागून येणारा कॉलेजातला मुलगा पांढरी एकमध्ये, पुढची काळी पाचमध्ये. पट्टी बदलली की तबला बदलायचा. चार-पाच तबले जवळ घेऊन बसलेला तबलजी दर चार मिनिटांनी एक बाजूला ठेवून दुसरा लावतो, आणि निवेदिका तेवढा वेळ बोलून भरून काढते. जाणत्या शिक्षकाच्या कार्यक्रमात हे टाळलेले असते. एका पट्टीची मुले लागोपाठ येतात आणि तबला तापलेला असतानाच चार गाणी होऊन जातात. क्रम लावण्यातच अर्धा कार्यक्रम यशस्वी होतो.

अलीकडे या अडचणीवर अनेकांनी सोपा उपाय काढला आहे. मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावायचा आणि मुलाने त्यावर गायचे. खर्च वाचतो, साथीदार शोधावे लागत नाहीत, तबला उतरण्याची भीती नाही. तरीही याला माझा ठाम विरोध आहे. ट्रॅक ऐकत नाही. मूल अंतऱ्यावर अडखळले तर पेटीवाला एक आवर्तन भरून त्याला सांभाळतो, तबलजी ठेका धरून ठेवतो, डोळ्यांनी खूण करतो आणि मूल पुन्हा मुखड्यावर येते. चूक झाली, सावरली, कोणीतरी सावरायला होते, हा अनुभव त्या मुलाच्या शिक्षणाचा गाभा आहे. ट्रॅकवर अडखळलेले मूल एकटे पडते, गाणे त्याला सोडून पुढे निघून जाते. दहा गाणी कमी करा, पण साथ जिवंत ठेवा.

संगीताच्या वर्गाला नाटकाची जोड हवी असे मी म्हणतो ते याच जातीच्या कारणासाठी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हापासून मराठी माणसाने गाणे आणि नाटक वेगळे मानले नाही. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली हे ओळखीचे सामान घेऊन किर्लोस्करांनी नाटक बांधले. नाट्यपद बैठकीत बसून म्हणणे आणि संवाद संपता संपता उभ्याने, समोरच्या पात्राकडे पाहत म्हणणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मुलाला कळते की हे पद या क्षणी का आले. मग ताना किती घ्यायच्या, कुठे थांबायचे हे सांगावे लागत नाही. समोरचे पात्र वाट पाहत उभे असते.

या किनाऱ्यावरच्या मुलींनी करावा असा एक प्रवेश माझ्या मनात नेहमी येतो, 'मत्स्यगंधा'तला. वसंत कानेटकरांचे हे नाटक १९६४ मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने आणले, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे. सत्यवतीची भूमिका आशालता वाबगावकरांनी केली, पराशर रामदास कामतांनी. नायिका धीवराची मुलगी. होडी, पाणी, जाळे यांच्यात वाढलेली. मुरूड, नवगाव, रेवदंडा इथल्या कोळीवाड्यातल्या मुलीला ही भूमिका दिली तर होडीत कसे उभे राहायचे, वल्ह्यावर वजन कसे टाकायचे हे दिग्दर्शकालाच तिच्याकडून शिकावे लागेल. अभिषेकींच्या चाली कठीण आहेत हे खरे. पण वर्षभर एका प्रवेशावर काम करणाऱ्या मुलीला पद पेलते, हे शिक्षकांना ठाऊक असते.

मुलांकडून पूर्ण ताकदीचे काम करून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे. नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ मध्ये, जेमतेम सतराव्या वर्षी. तालमीच्या खोलीतच ते बालगंधर्व घडले. दामूअण्णा जोशींची बालमोहन नाटक मंडळी तर लहान मुलांना घेऊनच उभी राहिली. तिथून सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा पुढे आला आणि छोटा गंधर्व म्हणून महाराष्ट्राला वेड लावून गेला. १९३३ मध्ये आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' आले तेही बालमोहनकडूनच. त्या मंडळ्यांतले जिणे मुलांसाठी कष्टाचे होते, शाळा सुटायची, घर सुटायचे. ते परत यावे असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यावी : गाणे, चालणे, बोलणे, पडदा ओढणे हे सगळे एकाच छपराखाली शिकवायचे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाटक एकत्र नांदवले ते याच विचाराने. आणि मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' करून दाखवले की मुलांचे नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच निगुतीने उभे करायचे असते.

नाटकाचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारला सहज पोहोचणारा मुलगा अचानक घोगरा होतो, सूर हाताला लागत नाही, मुली हसतात, आणि तो वर्गात येणे बंद करतो. संगीताच्या वर्गांतून मुलगे गळतात ते बहुतेक याच वळणावर. वर्गाशेजारी नाटक चालू असेल तर त्याला थांबायला जागा असते. वर्षभर त्याने गद्य भूमिका करावी, तबल्यावर बसावे, विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग करावे, प्रकाशयोजनेचे बटण सांभाळावे. आवाज स्थिरावला की तो पांढरी एकमध्ये परत गाऊ लागेल. मधल्या काळात रंगमंचाने त्याला धरून ठेवलेले असेल.

जागेचा प्रश्न उरतोच. अलिबागला पीएनपी नाट्यगृह झाले तेव्हा तालुक्यातल्या हौशी मंडळींना मुंबईकडे न पाहता प्रयोग पाहण्याची आणि करण्याची सोय मिळाली. जून २०२२ मध्ये ते आगीत सापडले आणि छोट्या गावात एक नाट्यगृह किती जणांचा आधार असते हे सगळ्यांना कळले. शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, देवळापुढचा मांडव इथेही कार्यक्रम होतात आणि व्हावेत. पण विंग नसलेल्या मंचावर मुलाला 'एंट्री' म्हणजे काय ते समजत नाही. तो प्रेक्षकांतून चालत येतो आणि माइकसमोर उभा राहतो. दोन बाजूंना दोन काळे पडदे बांधले तरी फरक पडतो. ते काम गावातला मांडववाला अर्ध्या तासात करतो, फक्त त्याला आधी सांगावे लागते.

गुरुपौर्णिमेला गुरुपूजन व्हावे, प्रत्येक मुलाने एक बंदिश म्हणावी आणि घरी जावे. मोठा कार्यक्रम मात्र दिवाळीनंतर हलवावा असे मी या भागातल्या शिक्षकांना सुचवीन. तेव्हा हवा कोरडी असते, तबला लावलेला राहतो. कार्तिकात वरसोलीला विठोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात चौलला दत्ताची. माणसे त्या दिवसांत रात्री घराबाहेर पडायला तयार असतात. एका यात्रेच्या संध्याकाळी, आयोजकांशी बोलून, दीड तास मागून घ्यावा. पहिली वीस मिनिटे गावातल्या धवलारणीला आणि भजनी बुवांना द्यावीत, मुलांनी त्यांच्या पायाशी बसून ऐकावे. मग नांदी, दोन मुलांचा ख्याल, आणि एक नाट्यप्रवेश, पेटी-तबल्याच्या साथीने, उभ्याने गायलेला. भाषणे नकोत, प्रमाणपत्रे दुसऱ्या दिवशी वर्गात द्यावीत. दिवाळीला ठरवले तरी उशीर होत नाही : चौलची यात्रा तेव्हा पुढे असते, आणि एक प्रवेश बसवायला तेवढे दिवस पुरतात.