अहवालातील एक आकडा

राजापेठेतील एका आडत्या मित्राच्या उठावण्यास गेलो होतो. वय अवघे अठ्ठावन्न. सकाळी देवदर्शन करून ते दुकानाच्या गादीवर बसले, चहाचा कप हाती घेतला आणि तेथेच कलंडले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. सांत्वनास आलेला प्रत्येक जण एकच वाक्य उच्चारीत होता, "आयुष्य एवढेच होते."

मीही मान डोलावली. परंतु मन मानेना. वर्षभरापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. पुढे विम्याच्या दाव्याची कागदपत्रे मीच लावून दिली. बँकेतील सवयीने पान न् पान तपासले, बेरजा जुळविल्या. त्याच फायलीत इकोच्या अहवालावर 'इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के' असे होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'आयसीडी बसविण्याचा सल्ला' होता. त्यांचा मुलगा म्हणाला होता, "काकाजी, कापसाचा हंगाम उरकू द्या, मग नागपूरला जाऊन बसवून घेऊ." मी "बरे" म्हटले. हंगाम उरकण्याची वाट मृत्यूने पाहिली नाही.

तो आकडा काय सांगत होता, हे मला नंतर समजले. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जमा झालेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्यासरशी किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते, त्याचे ते प्रमाण. निरोगी हृदयात ते साधारणतः ५० ते ७० असते. ते ३५ वा त्याखाली उतरले की हृदय केवळ अशक्त राहत नाही, तर त्याचा ठोका अकस्मात बिघडण्याचा धोकाही वाढतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयास रक्त पुरविणारी वाहिनी तुंबणे. त्या वेळी हृदय बहुधा चालू असते, रुग्ण बोलतो, दुखते म्हणून सांगतो. हृदय बंद पडणे ही निराळी घटना आहे. जुन्या झटक्याने स्नायूवर उरलेल्या व्रणाभोवती विद्युतप्रवाह भरकटतो, हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरते आणि काही क्षणांत शुद्ध हरपते. अशा वेळी विजेचा धक्का हाच उपाय; आणि धक्क्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. राजापेठेच्या गर्दीतून रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तो धक्का देणारे यंत्र रुग्णाच्या शरीरातच ठेवावे, ही कल्पना डॉ. मिशेल मिरोव्स्की यांची. १९६६ मध्ये इस्रायलमध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी आणि गुरू डॉ. हॅरी हेलर अशाच ठोक्याच्या बिघाडाने दगावले. जन्मभर रुग्णालयात राहणे कोणासही शक्य नाही. मग रुग्णालयातील यंत्रच माणसासोबत का जाऊ नये, असा विचार त्यांनी केला. अमेरिकेत डॉ. मॉर्टन मोवर यांच्यासह त्यांनी वर्षानुवर्षे श्रम घेतले आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले यंत्र एका रुग्णास बसविण्यात आले. त्या काळी त्यासाठी छाती उघडावी लागे. आज काडेपेटीहून थोडी मोठी डबी गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेखाली बसवितात आणि तिची तार शिरेतून हृदयात सोडतात. ती अहोरात्र ठोके मोजते. गती भलतीच वाढली की प्रथम सौम्य स्पंदनांनी ती आवरू पाहते. न आवरल्यास धक्का देते.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पूर्वी झटका येऊन गेलेले आणि ज्यांचा हा आकडा ३० वा त्याहून कमी होता असे १२३२ रुग्ण होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी १९.८ टक्के दगावले. यंत्र असलेल्यांपैकी १४.२ टक्के. हे यंत्र अमरपट्टा नव्हे, हेही याच आकड्यांतून दिसते. ते हृदयाची शक्ती वाढवीत नाही, औषधे थांबवीत नाही. क्वचित जंतुसंसर्ग होतो, कधी विनाकारण धक्का बसतो आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर डबी बदलावी लागते. झटक्यानंतर साधारण चाळीस दिवस थांबून, औषधांचा परिणाम पाहून, पुन्हा इको काढूनच डॉक्टर निर्णय घेतात. हे थांबणे वैद्यकाचे आहे. हंगामासाठीचे थांबणे आपले आहे.

आता त्या 'आयुष्य एवढेच होते' या वाक्याविषयी. आपल्या धर्मात आयुष्यकर्म मानले आहे, हे खरे. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे अखेरचे सूत्र पाहावे. देव, नारकी, चरमशरीरी अशा मोजक्या जीवांचेच आयुष्य बाह्य कारणांनी घटत नाही, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य मनुष्याचे आयुष्य विष, शस्त्र, रोग अशा निमित्तांनी मुदतीपूर्वी तुटू शकते. जे टाळता येते ते निमित्त टाळणे हा कर्मसिद्धान्ताचा अनादर नव्हे. उलट, सल्ला फायलीत ठेवून मृत्यूचे खापर आयुष्यकर्मावर फोडणे, हीच त्या सिद्धान्ताची विटंबना आहे.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयाशी संबंधित डॉ. यश लोखंडवाला आणि अमेरिकेतील डॉ. बेहझाद पावरी यांनी सहकाऱ्यांसह या प्रश्नास उत्तर शोधले. अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेली, बॅटरी पुरेशी शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून त्यांनी मुंबईतील निर्धन रुग्णांना बसविली. २०१२ च्या त्यांच्या अहवालानुसार ८१ रुग्णांना अशी १०६ यंत्रे बसविण्यात आली आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत यंत्राने जीवघेणा बिघाड ओळखून आपले काम बजावले. आहारदान, ज्ञानदान, औषधदान आणि अभयदान ही चारही दाने आपण मानतो. गरजू साधर्मिकास असे यंत्र मिळवून दिले, तर औषधदान व अभयदान एकाच वेळी घडेल. आपल्या ट्रस्टांनी धर्मशाळेच्या खोलीबरोबर याचाही विचार करावा.

तूर्त प्रत्येक घराने एवढेच करावे. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांचे हृदय दुर्बल आहे, त्यांचा अहवाल आज कपाटातून काढावा. तो आकडा पाहावा. ३५ वा त्याखाली असेल, तर "आम्हांस आयसीडीची गरज आहे काय?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आणि घरातील तरुणांनी, दुकानातील गुमास्त्यांनी छाती दाबून ठोका चालू ठेवण्याची क्रिया शिकून घ्यावी.

थकलेल्या कर्जास बँक मुदतवाढ देऊ शकते. या आकड्यास मी दिलेली मुदतवाढ मात्र मित्राच्या कुटुंबास फार महागात पडली.