दहाव्या पायरीला मनोरा मोडतो

बदलापूर-अंबरनाथकडच्या सोसायटी ग्रुपांवर एक मनोरा सारखा फिरत असतो. १×१=१, ११×११=१२१, १११×१११=१२३२१, असं करत नऊ एकांच्या वर्गाशी, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ पाशी तो थांबतो. खाली ठरलेलं वाक्य: ‘ही रचना अनंतापर्यंत चालते. वेदांची कमाल!’ हात जोडलेले इमोजी वेगळेच.

नाही हो, चालत नाही. दहा एकांचा वर्ग करून बघा: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब आणि मधे दोन शून्यं. गुणाकार वहीवर मांडला की एकांच्या ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात, मग उभी बेरीज. नऊ एक असले तर मधल्या घराची बेरीज ९, हातचा नाही. दहा झाले की तिथे १०. शून्य मांडा, हातचा एक. तो शेजारच्या ९ मध्ये मिळवला की पुन्हा १०, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या ८ चा होतो ९. प्राथमिक शाळेतला हातचा आहे हा! पुढे ढकलण्याआधी एकदा मांडून बघायला काय जातं?

आणि वेद? असा १२३४५६५४३२१ हा आकडा नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात आहे. ते जैन गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. अलीकडचं श्रेय देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं. या वर्गांना त्यांनी डेम्लो संख्यांमध्ये बसवलं. ‘डेम्लो’ हे नाव स्टेशनवरून पडलं, आपल्याच लाइनीवरच्या डोंबिवलीवरून. गुंजीकर आणि कापरेकर यांचा त्यावरचा लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापून आला. अभिमान बाळगायचाच तर इथे बाळगा.

‘शेवटी १ आहे, म्हणजे मूळ संख्या असणार,’ असंही ऐकतो. छे. नऊ एकांची संख्या म्हणजे ३×३×३७×३३३६६७. तिच्या वर्गात हे सगळे अवयव दोनदा येतात.

‘एक्सेलमध्ये या वर्गाच्या शेवटी ३०० येतात, म्हणजे उत्तर खोटं.’ एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं.

‘कुठलेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमातल्या संख्येतून चढत्या क्रमातली वजा करत राहा, कापरेकरांचा ६१७४ येतोच.’ ११११ घ्या, शून्य येईल. निदान एक अंक वेगळा हवा.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच. उल्हासनगर-२ चा पिनकोड ४२१००२ हर्षद आहे: बेरीज ९, भागाकार ४६७७८. अंबरनाथचा ४२१५०१ मात्र नाही: बेरीज १३, आणि १३ ने भागलं तर बाकी २ उरते. आता कृपा करून यावरून घर शुभ की अशुभ, असा नवा फॉरवर्ड काढू नका.