अनुबियासवरचं शेवाळ

माझं माहेर खानापूरचं, सासर वाळपईचं. मुलगा बेळगावला शिकायला गेला आणि त्याची माशांची काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. आत मासे, गोगलगायी आणि त्याची लाडकी अनुबियास. पावसाळा सरता सरता तिच्या पानांवर काळपट, केसाळ थर चढला. अव्वा आली होती. टाकीकडे बघून म्हणाली, ‘‘पाची कट्टैती!’’ न्हाणीतल्या दगडावरच्या शेवाळाला म्हणते तेच.

मी घाईघाईने दुकानातून औषध आणून ओतलं. शेवाळ जागच्या जागी राहिलं, गोगलगायी मात्र दोन दिवसांत मेल्या. अशा काही औषधांत तांबं असतं, ते गोगलगायींना आणि कोळंबीला घातक. बाटलीवरचं आधी वाचायला हवं होतं. मुलाला फोनवर सांगताना जीभ जड झाली.

मग कारणाकडे वळले. टाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी, दिवा सकाळी लावला की झोपतानाच बंद, माशांना तीनदा दाणे. न खाल्लेला दाणा कुजला की नायट्रेट, फॉस्फेट वाढतात, म्हणजे शेवाळाला मेजवानीच! त्यात अनुबियास मूळची आफ्रिकेची, सावलीत सावकाश वाढणारी. तिचं एकेक पान महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे शेवाळाला निवांत बस्तान मिळतं.

टाकी खिडकीपासून हलवली. दिवा ७ तास, दाणे एकदाच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते. सगळं एकदम बदललं तर मासे सोसत नाहीत. सडकी पानं देठापासून कापली. उरलेलं झाड बाहेर काढून १९ वाट्या पाण्यात १ वाटी बिनवासाचं साधं ब्लीच घातलं, त्यात घड्याळ लावून दीड मिनिट बुडवलं आणि क्लोरीन घालवणारं औषध टाकलेल्या पाण्यात खळखळून धुतलं. हातमोजे हवेतच. आणि हे फक्त अशा जाड पानांच्या झाडालाच. व्हॅलिस्नेरियासारख्या नाजूक पानांची वाट लागेल.

दोनेक दिवसांत थर गुलाबी झाला, मग पांढरा पडून सुटला. सोबत हायड्रिलाच्या चार काड्या सोडल्या, कॉलेजात बुडबुडे मोजायला असते तीच. भराभर वाढते आणि शेवाळाचं अन्न आधी स्वतः खाते. छाटलेलं मात्र वाळवून कचऱ्यात टाकते, ओहोळात नाही. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावून इकडे सत्तरीत उतरते; तिच्यात टाकीतली परकी झाडं कशाला?

दिवाळीला मुलगा आला. अनुबियासला नवं पान फुटलं होतं, ते मी दाखवलं. त्यानं आधी काचेला नाक लावून गोगलगायी शोधल्या.