"काका, पासवर्ड सांगा"

लोणावळ्यात नवा टीव्ही भिंतीवर चढतो तेव्हा बंगल्याचा मालक बहुधा मुंबईत नाहीतर पुण्यात असतो. तुंगार्लीचा, वलवणचा बंगला सांभाळणारे काका दार उघडतात. फिटिंगवाला भिंतीला भोकं पाडून संच टांगतो आणि ठरलेलं वाक्य येतं : "काका, वाय-फायचा पासवर्ड सांगा." काका राउटरखाली चिकटवलेला कागद वाचून दाखवतात. मग पडद्यावर अटींची पानं येतात. फिटिंगवाल्याला कामशेत, पवनानगरची कामंही त्याच दिवशी उरकायची असतात. तो 'सर्व मान्य' दाबून मोकळा होतो. ज्याचं घर, त्याने ती पानं पाहिलेलीही नसतात.

त्या 'मान्य'मध्ये अनेकदा एसीआर नावाची सोय दडलेली असते. चालू असलेल्या चित्राचे वा आवाजाचे ठसे संच क्षणाक्षणाला घेतो, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथल्या साठ्याशी ते जुळले की तुम्ही काय पाहता हे कळतं. त्यावरून जाहिराती ठरतात. "आम्ही तर डिशच बघतो, आमचं काय जाणार?" असं बंगलेवाले म्हणतात. पण २०२४ मध्ये लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या संशोधकांनी सॅमसंग व एलजीचे संच तपासले, तेव्हा एचडीएमआय केबलने जोडलेल्या उपकरणावरचं चित्रही ओळखण्यासाठी पाठवलं जात असल्याचं दिसलं. त्याआधी २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांमधून अशी माहिती न विचारता गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं.

आपल्याकडे टीआरपीसाठी 'बार्क' मोजणी करते ती घरच्यांना विचारून. मीटर बसतो आणि घरातला प्रत्येक जण आपलं बटण दाबतो. तेवढं विचारणं प्रत्येक टीव्हीने करावं, ही मागणी मला अगदी साधी वाटते.

मावळात नेट जोडायला पाऊसही भाग पाडतो. जुलैत सरी धरल्या की डिशचा सिग्नल जातो, पाहुणे कुरकुरतात आणि मालक फायबर घेतो. शनिवार-रविवारचे पाहुणे मग आपापल्या खात्याने टीव्हीवर लॉगिन करतात आणि तसेच निघून जातात. पुढच्या कुटुंबाला आधीच्यांची नावं, अर्धवट पाहिलेले सिनेमे, सगळं दिसतं. खंडाळ्याच्या एका काकांना हे फार खटकलं. त्यांनी फिटिंगवाल्याकडून फॅक्टरी रीसेट शिकून घेतलं आणि आता चादरी बदलतात त्याच वेळी टीव्हीही कोरा करतात.

रीसेटनंतर नेटवर्कचं पान येतं, तिथेच टीव्हीला नेट न जोडण्याची खरी संधी असते. बऱ्याच संचांवर ते पान वगळता येतं. गूगल टीव्हीवर 'बेसिक टीव्ही' असा पर्यायच आहे. मग डिश चालते, पेन ड्राइव्हवरचा सिनेमा चालतो, लॅपटॉपही केबलने जोडता येतो. ओटीटी हवंच असेल तर स्टिक लावावी लागते आणि ती स्वतःची माहिती गोळा करतेच. नेट ठेवायचंच असेल तर सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीत 'लाइव्ह प्लस', सोनीत 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही' शोधून बंद करावं. सॅमसंग-एलजी तपासणाऱ्या त्याच संशोधकांना संमती काढून घेतल्यावर ठशांची पाठवणी थांबलेली आढळली.

भांगरवाडीतला एक फिटिंगवाला आता अटींच्या पानावर थांबतो. "काका, आधी मालकांना फोन लावून द्या, मग मी पुढचं दाबतो."